व्यवसाय : मलकट्टा

७ जानेवारी १९७४, सोमवार

आज साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, एक नवी फाइल हातात दिली आणि म्हणाले, "अनंतराव, हे काम तुमच्याशिवाय कोणाला जमायचं नाही." असं ते सगळ्यांनाच म्हणतात, पण आज मला ते खरं वाटलं.

काम असं. झरियाकडच्या कोळशाच्या खाणी सरकारने ताब्यात घेतल्या, तेव्हा रजिस्टरात ज्यांची नावं होती ते राहिले आणि ज्यांची नव्हती त्यांना घरचा रस्ता दाखवला. आपले लोक तिथे पंधरा-पंधरा वर्षं राबले, पण रजिस्टरात नावं निघाली ठेकेदाराच्या मेहुण्या-भाच्यांची. असे आपल्या जिल्ह्यातले चाळीसेक जण परत आले आहेत. त्यांची कार्डं करायची, व्यवसायाप्रमाणे लावायची, आणि इकडे जिथे जागा निघेल तिथे त्यांना चिकटवायचं. वेगळं टेबल, वेगळा ड्रॉवर आणि शिपाई दादाजी अर्धा माझा.

नऊ वर्षं मी ह्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये टायपिंग पास पोरांची कार्डं पिंजत बसलो होतो. आता जरा माणसांचं काम आलं. घरी सांगितलं तर तारा म्हणते, "टेबल पंख्याखाली आहे का?" बायको करावी तर अशी. ही वही खास ह्या कामासाठी घेतली आहे. पुढे कोणी विचारलं की योजना कशी पार पडली, तर हाताशी असावी.

१० जानेवारी, गुरुवार

पहिला माणूस आला. रुपराव, राहणार हुडकेश्वर, वय अडतीस, दिसायला पन्नाशीचा. कपाळावर आणि हातांवर निळे ठिपके. मी विचारलं, गोंदवून घेतलं का? तर म्हणे, "नाही जी, ते तिकडं आपोआपच होते." मी माणूस लहान असो मोठा असो, अहो-जाहोच करतो. त्याने माणूस मोकळा होतो.

त्याच्याजवळ कागद एकच, ठेकेदाराच्या मुनिमाची हिंदीतली चिठ्ठी. "रूपराव, मलकट्टा, चौदा साल." बाकी काही नाही. व्यवसायाच्या यादीत मलकट्टा हा शब्द कुठेच सापडेना. मग त्यालाच विचारलं, काय काम असायचं?

"खाली उतराचं जी, मल काटाचा, अन् टबात भराचा. मी एका पाळीत चार चार टब भरत होतो."

हे तो मान वर करून सांगत होता. मला मात्र भडभडून आलं. मॅट्रिकला संस्कृतचं बक्षीस घेतलेला माणूस मी, मल म्हणजे काय हे मला दुसऱ्याने सांगायला नको. हजार-हजार माणसं आठ-आठ तास जमिनीखाली राहणार, म्हणजे कोणीतरी ते काढणार, टबात भरणार, वर आणणार. परमुलखात गेलेल्या आपल्या शेतकऱ्याच्या पोराला दुसरं कोण काय देणार? तरी विचारलं, त्रास नाही का व्हायचा? म्हणाला, "पयले पयले वास येते जी, गॅसचा. मंग सवय होते."

पुढे विचारून मी त्याला लाजवलं नाही. कार्डावर व्यवसाय मलकट्टा असाच लिहिला, त्याच्या मानासाठी. शेजारच्या चौकटीत व्यवसायाच्या यादीतला नंबर टाकला तो सफाई कामगाराचा.

जाताना उभा राहिला. म्हणाला, "पाडव्याच्या आंत भेटन का जी? भाऊ म्हणते, पाडव्यापासून साल धर, नाहीतं कोठा खाली कर." म्हणजे धाकट्या भावाच्या गोठ्यात हा बायकोसकट राहतो. खाणीत जाताना वाट्याची जमीन भावाच्या नावाने करून गेला होता. आता भाऊ म्हणतो, आमचा सालदार हो, वर्षाच्या कराराने राब, तर राहा. "लहान भावाले मालक म्हणनं मले जमनार नाही जी. मले खदानच पायजे. खाली उतरलो का मी कोणाचा गडी नाही."

मी म्हटलं, पाडव्याला अडीच महिने आहेत, मी बसलो आहे.

१८ जानेवारी, शुक्रवार

एकतीस कार्डं झाली. व्यवसाय विचारला की जो तो म्हणतो मलकट्टा. ऐकून ऐकून मन विटलं. फक्त उमरेडकडचे तिघे जण वेगळ्या खाणीतले निघाले. त्यांच्याजवळ इंग्रजी कागद होते, त्यांवर स्वच्छ लिहिलं होतं, कोल कटर. त्यांना खाणकामाच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. बाकी सगळे सफाईत.

जेवताना ताराला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, एवढी सगळी माणसं घाणच काढत होती, तर कोळसा कोण काढत होतं?"

बायकांना कशातही शंका. मी म्हटलं, कोळसा बिहारी काढतात. तिने पुढची भाकरी जरा जोरात थापली.

२ फेब्रुवारी, शनिवार

एक्केचाळीस कार्डांवर यादी बंद केली. तिघे कोळसावाले, अडतीस मलकट्टे.

दादाजी चहा ठेवताना म्हणाला, "बाबू, यायचे हात पायले का? झाडूचे घट्टे इथं पडते, अंगठ्यापाशी. यायचे पंज्यात आहे." मी म्हटलं, दादाजी, तुम्ही घट्ट्यांवरून व्यवसाय ठरवायला लागलात, तर सरकारने ही जाड पुस्तकं कशाला छापली? हसला आणि कप घेऊन गेला. दादाजी माणूस चांगला, पण लाडावलेला आहे.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

आज सायकल हाणत हुडकेश्वरला गेलो. नियमात नाही, पण माणसाची परिस्थिती डोळ्यांनी पाहावी. भावाचं घर चांगलं कौलारू आहे. मागे गोठा, त्यात अर्ध्यात बैल आणि अर्ध्यात हे दोघं. रुपरावची बायको गोपिका. जमीन सारवून लख्ख केलेली, पण बैलाने शेपटी हलवली की माशा इकडे.

भिंतीवर खिळ्याला एक गैंता टांगलेला, दोन्हीकडे टोकं असलेली कुदळ. लोखंड तेल लावून चकचकीत ठेवलेलं. मी म्हटलं, हा कशाला लागायचा? रुपराव म्हणाला, "ह्याच्याबिगर कसं जी? काही काही जागी मल असा कडक राह्यते का ठिणगी निघते." मी मान हलवली. वाळलेल्या नाल्या फोडायला लागत असेल. काय काय भोगलं आहे ह्या लोकांनी.

गोपिका पदर सावरून म्हणाली, "यायचा हात पाहाले दुसऱ्या पाळीचे लोक थांबत होते, बाबूजी. एक गोटा वाया जात नव्हता." बिचारीला त्याचाही अभिमान. चहा घेतला, काळा होता, पण घेतला. भाऊ बाहेर खाटेवर बसून होता, त्याने मला ऐकू येईल असं विचारलं, "झालं का काही, का पाडव्याले ह्याच्या सालाचा नारळ मीच फोडू?"

२६ फेब्रुवारी, मंगळवार

एका दवाखान्यातून सफाई कामगाराची मागणी आली. रुपरावला पत्र पाठवलं. आज तो ते पत्र घेऊन परत आला.

"बाबूजी, हे तं झाडूचं काम आहे."

"मग?"

"मी मलकट्टा आहो जी."

"म्हणूनच तर बोलावलं तुम्हाला."

त्याने पत्राची घडी घातली. मग म्हणाला, "सरकारच्या हिशेबानं ते अन् हे एकच का?"

मी म्हटलं, एकच. तिकडे केलं ते इकडे करायला लाज कसली? तो म्हणाला, "बरं जी," आणि पत्र टेबलावर ठेवून गेला. तिकडे परमुलखात कोणी पाहत नव्हतं, इकडे गाव पाहतं, एवढाच काय तो फरक. समजतं मला, पण नियम आहे. तीन वेळा नाही म्हटलं की कार्ड रद्द होतं. हे पहिलं.

६ मार्च, बुधवार

कामठीपलीकडे नवी कोळशाची खाण उघडते आहे. तिथून आज मागणी आली. कोल कटर, जमिनीखालचा अनुभव असलेले, चौतीस जागा. साहेब स्वतः टेबलाशी आले. खाणकामाचा ड्रॉवर उघडला, त्यात तीन कार्डं. उमरेडचे तिघे. हात चोळत बसलो. एवढी माणसं खाणीतून आली, आणि कोळसा कापणारी मोजून तीन. आमचं नशीबच फुटकं.

तिघांची नावं पाठवली. खाणीवाल्यांना बाहेरून माणसं आणायची तर आमच्याकडून उमेदवार नसल्याचा दाखला लागतो, तोही आजच केला. "मागितलेल्या अनुभवाचे आणखी उमेदवार या कार्यालयाकडे उपलब्ध नाहीत." खाली माझी सही, वर साहेबांची. मराठी मसुदा माझा. साहेब म्हणाले, भाषा स्वच्छ आहे.

दाखल्याची शाई वाळते आहे तोच रुपराव दारात. "खदानीचं काही आलं का जी?" मी म्हटलं, तुमच्या कामाचं नाही आलं. उगाच चौतीस जागांचं सांगून जिवाला घोर कशाला लावायचा?

१५ मार्च, शुक्रवार

रुपरावने दुसरी जागाही नाकारली. शाळेची होती. पाडवा नऊ दिवसांवर. मी चिडलो, बोललोही. म्हटलं, तुमच्यासाठी मी उन्हात सायकल मारतो आणि तुम्ही नवाबासारखे बसता. खाली मान घालून ऐकून घेतलं त्याने. असं कोणी ऐकून घेतलं की अजून चीड येते.

२० मार्च, बुधवार

आमच्याच ऑफिसचा सफाईवाला बळीराम महिनाअखेरीला निवृत्त होतो आहे. साहेबांना म्हटलं, आपल्या योजनेतला माणूस आपल्याच ऑफिसात लागला तर अहवालात किती शोभून दिसेल. साहेब खूश झाले. रुपरावचं वय जास्त भरतं, पण त्या कामाचा अनुभव असला तर सूट आहे, आणि अनुभव तर चौदा वर्षांचा.

मग रुपरावला आणि गोपिकाला दोघांना बोलावलं. तासभर समजावलं. ऑफिसच्या मागची खोली मिळेल, भावाचं तोंड पाहायला नको, आणि खाणीचं कधी निघालं तर मी इथेच बसलो आहे, पहिलं नाव तुमचं. शेवटी गोपिकाच म्हणाली, "धरा जी हे. बैलाच्या अंगाच्या वासापरीस झाडू बरा."

तो म्हणाला, "बाबूजी म्हणते तं धरतो." नंतर हळूच विचारलं, "पण खदानीचं निघालं तं सोडतील ना मले?" मी वचन दिलं.

२५ मार्च, सोमवार

काल पाडवा झाला. आज सकाळी साडेनवाला रुपराव ऑफिसात हजर, अंगात धुतलेली बंडी. बळीराम त्याला कोपरे दाखवत होता. तो माझ्या टेबलाखाली वाकून झाडायला लागला तेव्हा मी पाय वर घेतले. त्याला म्हटलं, सावकाश.

योजनेतलं पहिलं माणूस आज कामाला लागलं. घरी जाताना बर्डीवरून संत्र्याची बर्फी घेतली. तारा म्हणाली, "तो खूश होता का?" मी म्हटलं, होईल.

३० मार्च, शनिवार

बळीरामचा निरोप समारंभ झाला. हार घातला, साहेब बोलले. नंतर जिन्यात बळीराम मला म्हणाला, "बाबूजी, एक इचारू? ह्या मानसाच्या हातात झाडू आला तं सारं ऑफिस हळहळून राह्यलं. माझ्या बापानं केलं, मी केलं, तवा कोणाले काही वाटलं नाही." तो पुढे म्हणाला, "अन् झाडूच्याच कामासाठी माझ्या सुनेचा अर्ज तुमच्याच ड्रॉवरमधी होता."

मी पाहिलं. होता. तीन वर्षांपूर्वीचा होता.

१२ जून, बुधवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. अडतिसांतला रुपराव सोडून एकही लागला नाही. सफाईच्या जागा निघतात, मी पत्रं पाठवतो, कोणी येत नाही. आले तर म्हणतात आमचं काम वेगळं आहे. बाराजणांची कार्डं तीन नकारांवर रद्द केली. मदत करावी तरी किती? घोड्याला पाण्यावर नेता येतं, पाजता येत नाही.

रुपरावच्या पुतणीचं लग्न झालं. ह्या दोघांना बोलावणं नव्हतं. भावाने गावात सांगितलं म्हणे की असल्या हाताचं पाणी आमच्या मांडवात नको. गोपिका दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. रुपराव मात्र रोजच्यासारखा आला आणि झाडून गेला. त्याचा खोकला वाढला आहे. मी म्हटलं, झाडण्याआधी पाणी शिंपडत जा.

रोज सकाळी टेबल पुसताना तो एकच विचारतो, "खदानीचं काही आलं का जी?" आणि मी म्हणतो, अजून नाही.

१९ ऑगस्ट, सोमवार

आज जे झालं ते मला लिहिता येईल की नाही माहीत नाही. लिहितो.

परवा पोळा झाला, त्यामुळे ऑफिसात अर्धी माणसं. दुपारी मागच्या पडवीत दादाजी चहाची शेगडी पेटवायला बसला होता. दगडी कोळशाचा एक मोठा गोळा काही केल्या फुटेना. दादाजीने हातोडी मारून मारून घाम काढला. मी हात धुवायला तिकडे गेलो होतो. रुपराव झाडू ठेवून आला, म्हणाला, "सरक गा, दादाजी." गोळा हातात घेतला, उजेडाकडे फिरवून पाहिला, अंगठ्याने चाचपला. मग जमिनीवर एका विशिष्ट बाजूने ठेवून हातोडीचा एक हलका ठोका दिला. गोळा पापडासारखा पापुद्रे होऊन पडला.

"मल असा नाही तुटत गा," तो दादाजीला म्हणाला. "त्याची नस पाहा लागते."

मी म्हटलं, काय म्हणालात?

"मल जी." त्याने तुकडा उचलून माझ्यापुढे धरला. "कोळशालेच मल म्हणते तिकडं. माल, तो मल. म्हणून तं आमी मलकट्टे."

नळ तसाच वाहत होता. दादाजी माझ्याकडे पाहत होता. मग खाली बसून शेगडीत तुकडे टाकायला लागला. रुपराव हसत होता. सात महिन्यांत त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. म्हणाला, "हा तुकडा बेकार आहे जी, दगड जास्त. आमच्या इथचा मल पायला असता तुमी."

टेबलाशी येऊन बसलो. ड्रॉवर उघडला. अडतीस कार्डं. मलकट्टा, मलकट्टा, मलकट्टा. चौतीस जागा.

२० ऑगस्ट, मंगळवार

रात्री ताराला सांगितलं होतं. तिने "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. सकाळी डबा देताना एवढंच म्हणाली, "त्याला सांगा."

आज सांगणार होतो. तो टेबल पुसायला आला. मी तोंड उघडलं. त्याने विचारलं, "खदानीचं काही आलं का जी?" माझ्या तोंडून निघालं, अजून नाही. सवयीने निघालं.

२२ ऑगस्ट, गुरुवार

साहेबांना सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "कार्डावरचा व्यवसाय बदलला की नोंदणीची तारीख बदलते. म्हणजे सगळे रांगेच्या शेवटी. आणि वरून विचारतील, आधी कोणी लिहिलं? दाखल्यावर सही कोणाची?"

मी म्हटलं, खाली माझी.

"आणि वर माझी. मला चौदा महिने राहिलेत, अनंतराव." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "कार्डं बदला हळूहळू. बोभाटा करू नका."

२७ ऑगस्ट, मंगळवार

रजा टाकून बसने कामठीला गेलो, तिथून पुढे खाणीवर. तिथले लेबर ऑफिसर सभ्य गृहस्थ निघाले. खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हटलं, आमच्याकडे अनुभवी माणसं आहेत, सदतीस-अडतीस. ते म्हणाले, आता? मग फाइल काढून माझाच दाखला माझ्यापुढे ठेवला. माझंच अक्षर. स्वच्छ भाषा.

"ह्याच्यावरच परवानगी मिळाली आम्हाला," ते म्हणाले. "झरियापर्यंत माणूस धाडला. तिथून एकतीस मलकट्टे आणले."

त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि चहा खाली ठेवला. पुढची भरती कधी? तर म्हणे तीन वर्षं तरी नाही, आणि मग ज्यांच्या जमिनी खाणीत गेल्या त्यांच्या घरची माणसं. कायदाच तसा आहे.

पाळी सुटली तेव्हा मी फाटकाशी उभा होतो. माणसं वर येत होती. काळी तोंडं, कपाळावर निळे ठिपके. हिंदीत काहीतरी थट्टा चालली होती. माझ्या अंगावरून ती निघून गेली, आणि मी बसच्या थांब्यावर गेलो.

१० सप्टेंबर, मंगळवार

रुपराव सोडून सदतीस कार्डं दुरुस्त केली, रद्द झालेली बारासुद्धा. सगळ्यांना पोस्टकार्डं टाकली होती, "कामासंबंधी समक्ष यावे." अकरा परत आली, पत्त्यावर माणूस नाही. आज नऊ जण आले. पायी, सायकलवर, एक जण लेकीच्या खांद्यावर हात ठेवून. पडवीत बसले. रुपराव त्यांना पाहून धावत आला, काय गळ्यात पडणं, काय जुन्या पाळीच्या गोष्टी. मग एकाचं लक्ष त्याच्या हातातल्या झाडूकडे गेलं आणि जो तो आपापल्या पोस्टकार्डाकडे पाहायला लागला.

मी त्यांना सांगितलं की आता तुमच्या कार्डांवर खाणकाम असं बरोबर लिहिलं आहे. एक म्हातारासा होता, त्याने विचारलं, "अन् काम?"

मी म्हटलं, सध्या नाही.

"कारड बरोबर झालं हे सांगाले बलावलं का जी?" त्याने रागाने नाही विचारलं. खरंच समजून घ्यायला विचारलं. मी हो म्हटलं.

त्यांच्यात एक बाई होती, नवऱ्याचं पोस्टकार्ड घेऊन आलेली. म्हणाली, ते आषाढातच गेले, दम लागून. कार्डावर आता काय लिहायचं ते तुम्ही पाहून घ्या. रुपरावने त्यांना स्वतःच्या खोलीत नेऊन चहा पाजला. गोपिकाचा हसण्याचा आवाज येत होता.

११ सप्टेंबर, बुधवार

तारा आता विचारत नाही. मीच म्हटलं, सांगतो त्याला, उद्या सांगतो. ती म्हणाली, "तुम्ही सांगत नाही ते त्याच्यासाठी नाही, स्वतःसाठी." खरं आहे. पण सांगून त्याच्या हाती काय देऊ? गोठा गेला, गाव गेलं, खाण गेली. आता एवढंच राहिलं आहे त्याच्याजवळ, की बाबूजींनी आपलं भलं केलं.

२५ सप्टेंबर, बुधवार

रुपरावचे सहा महिने पूर्ण झाले. कायम करायचा फॉर्म माझ्याकडेच आला. नवव्या रकान्यात पदाशी संबंधित पूर्वानुभव भरायचा असतो. वयाची सूट त्या रकान्यावरच मिळते. तिथे कोळसा कापणारा लिहिलं तर सफाईचा अनुभव शून्य, सूट नाही, आणि पुढच्या महिन्यात दोघं रस्त्यावर. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, जानेवारीत लिहिलंत तेच लिहा.

रुपरावला बोलावलं. हात धुऊन आला. उभाच राहिला, बसा म्हटलं तरी बसला नाही. मी विचारलं, तुमचं आधीचं काम काय लिहू? विचारायची गरज नव्हती. का विचारलं मलाच ठाऊक नाही.

"मलकट्टाच लिहा जी. चौदा वर्सं."

मी लिहिलं. शेजारी नंबर टाकला, तोच, सफाईचा. ह्या वेळी ठाऊक असून टाकला.

"वाचून दाखवा ना, बाबूजी."

मी वाचलं. मलकट्टा, चौदा वर्षं. त्याने पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "तिकडं रजिस्टरात माझं नावच नव्हतं जी. चौदा वर्सं खाली उतरलो, पण कोण्या कागदावर नाही. तुमीच पयले, ज्यानं माझं काम बरोबर लिवलं. गोपिकाले आणून दाखवू का?"

मी म्हटलं, दाखवा.

ती आली. तिला वाचता येत नाही, पण मी बोट ठेवलं त्या शब्दावर तिने पाहिलं आणि त्या कागदाला नमस्कार केला. रुपरावने अंगठा शाईत बुडवला आणि मी दाखवलं तिथे उमटवला. दादाजी दारात उभा होता, तो निघून गेला.

"आता खदानीचं निघालं तं हा कागद कामी पडन ना जी?" रुपरावने विचारलं.

मी हो म्हटलं. त्याने अंगठा बंडीला पुसला आणि झाडू घेऊन साहेबांच्या केबिनकडे गेला.